सुपारी कोण देतं?

पाचगणीहून महाबळेश्वरकडे जाताना भिलार लागतं. स्ट्रॉबेरीचं गाव म्हणून ते आधीपासून ठाऊक होतं, ४ मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव झालं. राज्य मराठी विकास संस्थेनं पुढाकार घेतला, गावकऱ्यांनी कुणी खोली दिली, कुणी ओसरी दिली, चित्रकारांनी भिंती रंगवल्या. सुरुवातीला पंचवीस ठिकाणी पुस्तकं मांडली गेली: एका घरात इतिहास, दुसऱ्यात बालसाहित्य, तिसऱ्यात कविता. कुणीही यावं, बसावं, वाचावं. पैसे पडत नाहीत.

कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून सुचलेली. पण तिथे रिचर्ड बूथ यांनी १९६०च्या दशकात जुन्या पुस्तकांची दुकानं थाटली होती. पुस्तक विकलं गेलं नाही तर दुकानदाराची चूल पेटणार नाही, असा तो मामला होता. दुकानांवर खाणावळी चालल्या, मुक्कामाच्या खोल्या चालल्या आणि पुढे १९८८ मध्ये तिथे साहित्य महोत्सवही सुरू झाला. भिलारमध्ये पुस्तकावर कुणाचं पोट नाही. पोट स्ट्रॉबेरीवर आणि पर्यटकांवर आहे, पुस्तकं हे थांबायला एक चांगलं निमित्त आहे. निमित्त वाईट नाही. माणसं थांबतात, मुलं पुस्तकं चाळतात, घरमालकाला अभिमान वाटतो. तरी उद्या सरकारनं कपाटं उचलून नेली तर भिलारचं काय अडेल, हे विचारून पाहावं. फारसं काही नाही, असंच माझं मत आहे. तरीही योजना पुढे सरकली आणि वेरूळ, अंकलखोप, बाळशास्त्री जांभेकरांचं पोंभुर्ले आणि गोंदिया जिल्ह्यातलं नवेगाव बांध ही नावं त्यात आली.

कलेनं आणि संस्कृतीनं गावं, वस्त्या पुन्हा उभ्या राहतात असं अलीकडे फार बोललं जातं. नियोजनाच्या कागदात, पर्यटन खात्याच्या जाहिरातीत, कंपन्यांच्या सामाजिक निधीच्या अहवालात ते सगळीकडे आहे. ते खोटं नाही. पण ते कुठे घडलं आणि कुठे नुसतं रंगवलं गेलं हे पाहायचं, तर मला एकच प्रश्न कामाचा वाटतो: कलेची सुपारी कोण देतं? म्हणजे बोलावतं कोण, पैसा कुणाच्या खिशातून निघतो आणि ‘यंदा नको’ म्हणायचा हक्क कुणाला आहे?

नवेगाव बांधचं नाव निघालंच आहे, तर त्याच मुलखात थांबू. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतला जंगलाचा, तळ्यांचा आणि धानाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. पूर्वी इथे दंडार होती, खडी गंमत होती. त्यातूनच पुढे रात्रभराचं नाटक आलं. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, धान घरात येतं आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो, तो होळीच्या आसपासपर्यंत. या धंद्याची पेठ म्हणजे गडचिरोलीतलं वडसा, कागदोपत्री देसाईगंज. एरवी तालुक्याच्या कुठल्याही गावासारखं गाव, पण हंगामात रस्त्याच्या कडेनं नाट्यमंडळांची कार्यालयं आणि नटनट्यांचे फोटो छापलेले भलेमोठे फलक दिसतात. खेड्यातली पोरं इथे येतात, कोणतं नाटक, कोण नायिका, कोण विनोदी नट, लावणी आहे का, हे विचारतात, घासाघीस करतात आणि तारीख बांधून परत जातात.

नाटकाच्या दिवशी गाव कसं असतं ते पाहण्यासारखं आहे. सकाळपासून एकेका घरात पाहुणे उतरतात. लेकी माहेरी येतात, जावयासाठी कोंबडं कापलं जातं, आणि लग्नाच्या वयाच्या मुलामुलींची ‘सहज’ भेट घडवून आणायला याहून चांगला दिवस नाही. बैलांचा शंकरपट असेल तर दुपार त्यात जाते. रात्री दहाच्या सुमारास कापडाच्या भिंती आणि ताडपत्रीच्या मंडपात लोक शिरतात. कुणी खुर्चीचं तिकीट काढतं, कुणी खाली चादर अंथरतं. कडाक्याची थंडी, बरोबर पोरं, पांघरुणं. रंगमंचापुढे पेटी-तबलावाले आणि प्रॉम्प्टर. या प्रॉम्प्टरला कमी लेखू नये. नट आज एक नाटक करतो, उद्या दुसरं, परवा तिसऱ्याच मंडळात. सगळ्या संहिता डोक्यात ठेवायच्या तर माणूस वेडा होईल. प्रॉम्प्टर अख्खं नाटक पहाटेपर्यंत पुढून पुरवत राहतो आणि प्रेक्षकाला त्याचा आवाज आला तरी त्याचं काही बिघडत नाही. कथा बहुतेक घरगुती: सासू, भाऊबंदकी, दारू, जमिनीचा वाद, बहिणीचा त्याग. शहरातला समीक्षक नाक मुरडेल. मुरडू दे, तिकीट त्यानं काढलेलं नाही.

यात पैसा कसा फिरतो हे सगळ्यांत महत्त्वाचं. गावातलं मंडळ नाट्यसंस्थेला ठरलेली रक्कम देतं आणि तिकीटविक्री स्वतः करतं. गर्दी झाली तर उरलेला पैसा देवळाला, शाळेला किंवा पुढच्या वर्षाला. पडलं तर त्या पोरांच्या अंगावर. म्हणून नाटक निवडताना ती भांडतात, पडद्यापासून नायिकेपर्यंत सगळं तपासतात. सरकारी अनुदानावर हा डोलारा कधी उभा नव्हता. सरकारचं लक्ष उशिरा गेलं. ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा मुंबई-पुण्यातल्या पुष्कळांनी ‘झाडीपट्टी’ हा शब्द पहिल्यांदा ऐकला असेल. मधल्या काळात बैलांच्या शर्यतींवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. पटाच्या निमित्तानं होणारी नाटकं मंडईच्या, जत्रेच्या निमित्तानं होत राहिली. निमित्त बदललं, गरज तीच राहिली. २०२०च्या हंगामाला मात्र महामारीनं जे खिंडार पाडलं, त्यातून सावरायला कर्जं काढावी लागली ती मंडळांनाच.

आता कुणी म्हणेल, गावानं पैसा दिला की कला आणि गाव दोन्ही सुखी. तसं नाही. तमाशाकडे पाहा. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात पाडव्याच्या सुमारास फडमालकांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी जत्रेच्या सुपाऱ्या घेऊन येतात. वर्गणी लोकांची, निवड लोकांची. बाहेरून पाहता झाडीपट्टीचाच नमुना. फरक असा, की इथे गाव तमाशा बोलावतं आणि सकाळी तमाशातल्या बाईला ओळखत नाही. कलावंत हंगामाआधी उचल घेतो, फडमालक सावकाराकडून घेतो, आणि पावसाळ्यात सगळे घेणेकरी. राष्ट्रपती पुरस्कार मिळवलेल्या विठाबाई नारायणगावकरांची अखेरची वर्षं हलाखीत गेली, २००२ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या नावानं सरकारी पुरस्कार त्यानंतर सुरू झाला, हेही या व्यवहाराला साजेसंच. तमाशानं जत्रा जिवंत ठेवल्या यात शंका नाही. पण तमाशा करणाऱ्यांच्या वस्त्या त्यातून उभ्या राहिल्या का, याचं उत्तर नारायणगावच्या राहुट्यांत मिळत नाही.

दुसऱ्या टोकाला वारली चित्रं आहेत. इथे सुपारी गावाबाहेरून आली, फार दुरून. आणि ती आणणारा माणूस मराठी होता, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. १९६६-६७च्या दुष्काळात बिहारच्या मिथिला भागात बायकांच्या हाताला काम मिळावं म्हणून भिंतीवरची चित्रं कागदावर काढून घेण्याचा प्रयोग झाला. पुपुल जयकरांनी त्यासाठी पाठवलेले चित्रकार म्हणजे भास्कर कुलकर्णी. मधुबनी चित्रांचा आजचा बाजार तिथून सुरू होतो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हेच कुलकर्णी डहाणूच्या वारली पाड्यांवर आले.

वारल्यांमध्ये चित्र हे लग्नाचं काम होतं. कुडाच्या भिंतीला शेण आणि गेरू लावायचा, तांदळाच्या पिठात बांबूची काडी बुडवायची आणि सुवासिनींनी चौक लिहायचा. मध्ये पालघट देवी, भोवती नक्षीची चौकट, शेजारी घोड्यावरचा पंचशिऱ्या देव. धवलेरी गात असते, तिच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही. लग्न झालं की चित्राचं काम संपलं. ते धुरानं काळवंडायचं, गळून जायचं, त्याचं कुणाला दुःख नव्हतं. कुलकर्णींनी कागद आणि रंग दिले तेव्हा बायका बिचकल्या आणि पुढे आला तो कळंबीपाड्याचा एक पुरुष, जिव्या सोमा म्हसे. चौकाबाहेरची माणसं त्याच्या कागदावर हलू लागली: तारपा नाच, मासेमारी, मुंग्यांचं वारूळ. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते वारले, तोवर घरोघरी पोरं चित्रं काढत होती आणि त्यावर घरं चालत होती. बायकांची भिंत होती, कागद पुरुषांचा झाला. आता पुष्कळ बायकाही चित्रं विकतात, पण पहिली पिढी गेली ती गेलीच.

या व्यवहारात गावाला काय मिळालं? रोख पैसा मिळाला, आणि वीटभट्टीवर जाण्याला एक पर्याय मिळाला. ज्या समाजाला शेजारचे जंगली म्हणून हिणवत होते, त्याच्या पोराला शाळेत ‘तू वारली ना, काढ बरं’ असं कुणी म्हणू लागलं, हे पैशाहून लहान नाही. गमावलं ते असं, की काय काढायचं हे गिऱ्हाईक ठरवू लागलं. तारपा नाचाचं चक्र खपतं म्हणून चक्रच काढायचं. कप, साड्या, हॉटेलच्या भिंती, सोसायटीचं फाटक, सगळीकडे ती त्रिकोणी माणसं, आणि काढणारा बहुधा वारली नसतोच. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. ते नावाचं रक्षण करतं, भावाचं करत नाही. प्रत्येक छापील चादरीमागे डहाणूतून कुणी कोर्टात जाणार नाही.

वारली चित्रांचा एक धागा थेट जपानला जातो. निगाता प्रांतातल्या तोकामाची इथे, बंद पडलेल्या शाळेच्या इमारतीत, तोकियो हासेगावा यांनी १९८२ मध्ये मिथिला संग्रहालय उभं केलं. मधुबनीचे आणि वारलीचे चित्रकार तिथे जाऊन राहिले, चित्रं काढून आले. हा भाग प्रचंड बर्फाचा, डोंगरउतारावरच्या भातशेतीचा. तरुण टोकियोला गेलेले, म्हातारे मागे उरलेले. कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. त्याच परिसरात २००० साली फ्राम किटागावा यांनी एचिगो-त्सुमारी नावाचा दर तीन वर्षांनी भरणारा कलामहोत्सव सुरू केला. साधारण ७६० चौरस किलोमीटरांत कलाकृती विखुरलेल्या: शेतात, ओस पडलेल्या घरात, मुलं संपल्यामुळे बंद झालेल्या शाळेत. एका जागी सगळं पाहायला मिळत नाही, गावागावांतून हिंडावंच लागतं, आणि हिंडायचं तर कुणाला तरी वाट विचारावी लागते. गावकऱ्यांनी आधी विरोध केला. हा पैसा रस्त्यांना द्या, म्हणाले. पुढे त्याच गावातल्या आज्या एका जुन्या घरात पाहुण्यांना जेवण वाढू लागल्या, आणि ती चूलच त्या महोत्सवाची मोठी कमाई आहे असं मला वाटतं.

पण आकडा लपवण्यात अर्थ नाही. तोकामाचीची लोकसंख्या घटतच राहिली. वीस-पंचवीस वर्षं गाजणारा महोत्सव तरुणांचं जाणं थांबवू शकला नाही. हे वाचून आपल्याकडचे लोक दोनपैकी एक निष्कर्ष काढतात: एक तर हे सगळं थोतांड, किंवा आपणही शेतात शिल्पं उभी करू. दोन्ही घाईचे. शिल्पं उभी करणं सगळ्यांत सोपं असतं. किटागावांनी जे वर्षानुवर्षं गावकऱ्यांसमोर बसून ऐकून घेतलं, ते निविदेत लिहिता येत नाही.

इथवर सगळी चर्चा कला ‘जपण्याची’ झाली. मला या शब्दाची थोडी भीती वाटते, कारण आपल्या गावात कला बहुतेक वेळा जातीला चिकटलेली असते. कुणी वाजवायचं, कुणी नाचायचं, कुणी दारोदार चित्रं दाखवत कथा सांगायची, हे ठरलेलं. ते ‘पुनरुज्जीवित’ करताना वतन आणि वेठही पुन्हा जिवंत होऊ शकते. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयावर जगल्या. राजाश्रय गेल्यावर पोथ्यांमधली चित्रं विकली जाऊ लागली. तिथे परशुराम गंगावणे यांनी घरच्या गुरांच्या गोठ्यात संग्रहालय मांडलं, २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गोठा त्यांचा, पोथ्या त्यांच्या, पाहुण्याला काय दाखवायचं ते तेच ठरवतात. म्हणून ते मला पटतं.

आणि महाराष्ट्रात कलेनं एखादा समाज खरोखर उभा केल्याचं सगळ्यांत ठसठशीत उदाहरण सांगायचं, तर ते जुनी कला नाकारण्यातून आलेलं आहे. आधी सत्यशोधकांचा जलसा, मग आंबेडकरी जलसा. तमाशाचा साचा घेतला, ढोलकी घेतली, पण देवाच्या स्तवनाची जागा बदलली, गवळणींची छेडछाड काढून टाकली आणि वगात सावकार, शाळा, पाणवठा आणला. १९३०च्या दशकात भीमराव कर्डकांचे जलसे गावोगाव हिंडले. पुढे वामनदादा कर्डक (१९२२-२००४) आयुष्यभर झोळी घेऊन फिरले. त्यांना मानधन काय मिळालं ते विचारू नये, जेवण आणि गाडीभाडं. पण वस्तीनं स्वतः वर्गणी काढून बोलावलं, स्वतः ऐकलं, आणि सकाळी मेलेलं जनावर ओढायला जायचं नाही असं ठरवलं. तमाशात जो मान मिळत नव्हता तो इथे मिळाला, कारण गाणारा आणि ऐकणारा एकाच वस्तीतले होते. पर्यटनाच्या कुठल्याही पुस्तिकेत हे सापडणार नाही. तिथे यायला पर्यटकच नव्हता.

मिरजेचं प्रकरण वेगळं आणि थोडक्यात सांगण्यासारखं. तिथे शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगारांच्या घरातले फरीदसाहेब एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यं करू लागले आणि सतारमेकर हेच आडनाव झालं. पंढरपूरकडच्या शेतात जाड सालीचा मोठा भोपळा पिकवायचा, तो वाळवायचा, चिरायचा, लाकडाचा गळा जोडायचा, जवारी काढायची. भोपळ्याच्या शेतकऱ्यापासून गवयापर्यंत साखळी. अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, त्यांच्या स्मृतीची संगीतसभा आजही मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला भरते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला मानांकनं मिळाली. इतकं असून पुढची पिढी बाकावर बसायला कां-कूं करते, कारण मोबाइलमधला तंबोरा फुकट आहे. उरुसाच्या गाण्यानं मिरजेची इभ्रत टिकते. कारागीर टिकायचा तर वाद्य विकलं गेलं पाहिजे, आणि शाळा-महाविद्यालयांनी ते विकत घेतलं तर पुष्कळ होईल.

आता कोकण. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या तीन जिल्ह्यांची लोकसंख्या दहा वर्षांत कमी झालेली दिसली: मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. रत्नागिरी १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर, सिंधुदुर्ग ८.६९ वरून ८.५० वर. आणि हेच ते जिल्हे, जिथे शिमग्याला पालखी घरोघर नाचते, नमन-खेळे होतात, जाखडीचे बारे रंगतात, कार्तिकापासून देवळादेवळांत दशावताराची नाटकं होतात. संस्कृती नांदते आणि माणसं जातात, दोन्ही एकाच वेळी. मग कलेनं काय केलं? तिनं कुलपं गंजू दिली नाहीत. पालखी दारात येणार तर दार उघडं हवं, म्हणून चाकरमानी रजा टाकतो, घर शाकारतो, भाऊबंदांशी भांडतो आणि पालखीच्या मानासाठी पुन्हा बोलू लागतो. ज्याचं घर उघडतं त्याची वर्गणी येते, शाळेची खोली त्यातूनच दुरुस्त होते.

या व्यवहाराचं दुसरं टोक मुंबईत, गिरणगावात होतं. चाळीतल्या खोल्यांत एकेका गावचे लोक एकत्र राहायचे, गावाचं मंडळ तिथे चालायचं. देवळाच्या जीर्णोद्धाराला पैसे हवेत की मुंबईत नमनाचा किंवा शक्ती-तुऱ्याचा प्रयोग लावायचा, तिकिटं गाववाल्यांनी गाववाल्यांना खपवायची. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले. गिरण्या संपल्या, तरी ही मंडळं संपली नाहीत. त्यांचे प्रयोग परळच्या दामोदर नाट्यगृहात होत राहिले. ना. म. जोशी यांनी स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगचं हे १९२२ सालचं सभागृह, कामगारांच्या खिशाला परवडणारं. गिरण्यांच्या जागी आलेल्या मॉलमध्येही कला आहेच. चिमणीचं जतन केलं आहे, विटांच्या भिंतीवर कामगारांची चित्रं आहेत, आतल्या कॉफीचा भाव पूर्वी खानावळीत आठवड्याचं जेवण द्यायचा.

२०२३ मध्ये पुनर्विकासासाठी दामोदर बंद झालं तेव्हा आवाज उठवला तो लोककलावंतांनी आणि नाट्यकर्मींनी. त्यांचा हिशेब साधा होता: मधल्या वर्षांत प्रयोग कुठे लावायचे? त्यांचा प्रेक्षक तर केव्हाच विरार, नालासोपारा, दिवा, डोंबिवलीला गेला, आणि परळला तो लोकलनं यायचा, कारण परळ सगळ्यांना मधलं पडतं. शहराच्या सांस्कृतिक धोरणात महोत्सवांची यादी लांबलचक असते. शनिवारी रात्री एखाद्या गावकर मंडळाला सभागृह किती भाड्यात मिळेल आणि शेवटची लोकल गाठता येईल अशा वेळी ते रिकामं असेल का, हे त्यात कुणी लिहीत नाही. रत्नागिरीतल्या एखाद्या वाडीच्या शाळेचं छप्पर मात्र त्याच भाड्यावर अवलंबून असतं.